न मागता सुटलेलं ग्रहण

सोमवार, २१ ऑगस्ट १९३३, सकाळचे सव्वादहा. सूर्य निम्म्याहून जास्त झाकला होता, आणि नाशकात भद्रकालीमागच्या महारवाड्यात पुतळाबाई दारात बसून विडीची पानं कातरत होती. ग्रहणात कात्री धरू नये म्हणतात. तिनं मुद्दाम धरली होती.

आत तिची सासू कुसाबाई दान घ्यायची रिकामी बांबूची पाटी मांडीवर घेऊन बसली होती. आजवर प्रत्येक ग्रहणात तीच पुढं असायची. 'दे दान, सुटे गिराण' अशी तिची हाक उठली की बाकीच्या बाया मागोमाग पेठेत दान मागायला निघत. काल तक्क्यात, म्हणजे वस्तीच्या चावडीत, बैठक झाली आणि ठरलं, यापुढं कुणी मागायचं नाही. कुसाबाई तिथं हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. ती उठली तर सगळ्या उठणार, हे पुतळाबाईला ठाऊक होतं. समोरच्या दारांतले डोळे इकडंच लागले होते.

"आत्याबाई, पाटी खाली ठेवा."

"आन् गिराण नाय सुटलं तं? सारी पेठ माझ्या नावानं बोंबलंल."

"बोंबलू द्या. आजवर तुमी वरडला, आता त्यायची पाळी."

म्हातारी हसली, पण पाटी सोडली नाही.

अकराच्या सुमारास पेठेतली कलाबाई नाल्यापलीकडं येऊन उभी राहिली. आज पोळा, आणि ग्रहणापायी तिची चूल खोळंबली होती.

"अगं कुसे, हाक नाही ती तुझी? गहू सुपात काढून ठेवलेत. ग्रहण सुटायचं कसं?"

कुसाबाई पाटी घेऊन उठली. पुतळाबाईची कात्री थांबली.

दाराशी येऊन म्हातारी खाली बघत राहिली. पत्र्याच्या भोकांतून एरवी गोल कवडसे पडत. आज ते कोयत्याच्या पात्यासारखे झाले होते, आणि आता एकेक पातं भरत चाललं होतं. उभ्या जन्मात ग्रहणाच्या वेळी ती स्वतःच्या घरात नव्हतीच. हे तिनं आजच पाहिलं.

"कलाबाई," ती म्हणाली. एरवी ती 'माय' म्हणायची. "सुटाया लागलंय ते. म्या तं तोंड बी उघाडलं नाय."

"मग या गव्हाचं काय करू?"

"दळा. पोळ्या करा."

दुपारी कवडसे पुन्हा गोल झाले, तोवर वस्तीतून एकही बाई बाहेर पडली नव्हती. कुसाबाईनं पाटी सुनेपुढं सरकवली आणि बांधलेले विड्यांचे कट्टे तीत रचायला घेतले.

उद्या मंगळवार. विडीचा कारखाना आठला उघडतो.