आतलं पाठवलं का?

शिक्रापूरच्या आमच्या ऑफिसात शेजारी बसणारा हा माणूस "चहा झाला का" असं कधी विचारत नाही. विचारतो, "आतलं पाठवलं का?" आम्ही उसाच्या वजनकाट्यांचे प्रोग्राम लिहितो. मोठ्या प्रोग्रामच्या पोटात छोटे प्रोग्राम असतात आणि प्रत्येकाचा कोड वेगळा ठेवलेला असतो. बाहेरचा सर्व्हरवर पाठवला म्हणून आतला आपोआप जात नाही. मी घरातला पहिला पदवीधर; दुसऱ्यानं शिकवलेलं मला लवकर पटत नाही. हे पटलं.

हंगाम सुरू झाला त्या सकाळी आम्ही दोघं दौंडकडच्या एका काट्यावर होतो. वजन कमी दाखवणारी आतल्या प्रोग्राममधली एक चूक आमच्या ऑफिसच्या साहेबांनी दुरुस्त केली होती, पण फक्त बाहेरचं पाठवून ते लॅपटॉपसकट लग्नाला गेले. फोन बंद. आतलं जुनंच वापरून काटा चालला असता, फक्त शेतकऱ्याचा ऊस कमी भरला असता.

माझ्या या सहकाऱ्यानं ते तपासून पाहिलं आणि काटा बंद ठेवला. रांगेत पहिला ट्रॅक्टर त्याच्या सख्ख्या मामांचा.

"भाच्या, ऊस वाळतोय हितं! चालू कर की."

"मामा, आतलं आलेलं न्हाई."

"आतलं म्हंजी? तुझ्या डोक्यातलं व्हय?"

मागचे सगळे हसले. तो हसला नाही. "थांबा जरा," एवढंच म्हणाला.

दुपारी साहेबांचा फोन लागला. त्यांनी मांडवात बसून आतलं पाठवलं आणि काटा सुरू झाला.

मामा त्याच्याशी अजून बोलत नाहीत. ऊस मात्र त्याच काट्यावर आणतात.