क्लोतेने पुढे केलेला हात

आमच्या बुकोम वस्तीत कुणालाही विचारा, क्लोते कोण? तो आधी हसेल. मग एक हात पुढे करेल आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्याच जबड्यावर ठोसा मारल्याची नक्कल करेल. एका माणसाच्या आयुष्याची घानातल्या आमच्या अक्रा शहराने एवढीच आठवण ठेवली. माझं डोकं फिरतं, म्हणून लिहितेय.

क्लोते आमच्या गल्लीतला, कोळ्याचा पोर. मंगळवारी होड्या समुद्रात जात नाहीत, तेव्हा वाळूत गल्लीविरुद्ध गल्ली मुठींची लढत व्हायची. तिला म्हणायचे आत्वेले. शिव्या, ढोल, बायकांचे टोमणे, सगळं चालायचं. एक गोष्ट मात्र चालायची नाही. ज्याच्या हाताचा तळवा वाळूला टेकला त्याला मारायचं नाही. पाडणाऱ्याने हात द्यायचा, त्याला उभं करायचं, मगच पुढचा ठोसा. हे ज्याने मोडलं त्याला त्याची आईसुद्धा जेवायला वाढायची नाही. पुढे क्लोते बॉक्सिंगच्या रिंगणात उतरला तो हे अंगात भिनवूनच.

ठोसा असा की समोरच्याला दिवसा तारे दिसावेत, पण तोंडाला कुलूप. प्रमोटर सोवा कपाळ बडवून घ्यायचा.

"अरे, पेपरवाले आलेत, काहीतरी बोल! त्याच्या बापावरून बोल!"

"त्याच्या बापाने मला जाळं विणायला शिकवलं, साहेब."

"मग तेच म्हण! बापाच्याच जाळ्यात तुला गुंडाळतो!"

"तो माणूस वारलाय."

"देवा! मी बॉक्सर घेतलाय की पाद्री?"

तो मेलेला बाप होता आयिक्वेचा. आयिक्वे शेजारच्या गल्लीतला, त्याच वाळूत वाढलेला, पण आता स्वतःला 'मगर' म्हणवून घेणारा. देशाच्या विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी दोघांची लढत ठरली. जिंकणारा इंग्लंडला जाणार होता. क्लोतेचं वय सरत आलेलं. याच्यानंतर त्याला कुणी विचारणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

मगर रिंगणात आला तो शवपेटीतून. मगरीच्या आकाराची, हिरवीगार रंगवलेली पेटी, आणि झाकणावर क्लोतेचं नाव. पोरांनी ती खांद्यावर नाचवली, ढोल फुटायचे बाकी राहिले. माझ्या शेजारी क्लोतेची आई देदेई बसलेली. ती ताडकन उठली.

"जित्या माणसाचं नाव पेटीवर? तोंडात किडे पडतील मेल्याच्या!"

"मावशी, बसा. तमाशा आहे तो."

"माझ्या पोराचं नाव म्हणजे तमाशा नाही!"

लढत सुरू झाली आणि तमाशा उतरला. क्लोतेने त्या मगरीला कोपऱ्या-कोपऱ्यात धुतलं. एक डोळा पार मिटवला. लोक आता क्लोतेच्या नावाने ओरडायला लागले. तेवढ्यात मगरचा पाय घसरला आणि त्याने तळवा जमिनीला टेकला. पंच बाहेरगावचा. त्याने पाहिलं, ठोसा लागलेला नाही, नुसता घसरलाय. त्याने मगरचे ग्लोव्ह्ज पुसले आणि लढा म्हणून खूण केली. पण क्लोतेच्या लेखी लढत सुरूच झाली नव्हती, अजून हात द्यायचा राहिला होता. त्याने हात पुढे केला. मगरने तो डाव्या हाताने धरला आणि उजव्याने जबडा फोडला.

लोक म्हणतात क्लोते बावळट. मी म्हणते, आयिक्वेला तो नियम आमच्याइतकाच पाठ होता. तो घसरला नव्हता. त्याने तळवा मुद्दाम टेकवला होता.

पंचाने आकडे मोजले, क्लोते उठला नाही. पब्लिकने हसून-हसून छप्पर डोक्यावर घेतलं. आमच्याच गल्लीतली माणसंही त्यात होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच हातचं मक्याच्या पिठाचं केंके आणि मासे खायची माझ्यावर वेळ आली.

मगर इंग्लंडला गेला. सोवा क्लोतेच्या घरी आला, हसत.

"लोक वेडे झालेत रे! गावोगाव तोच खेळ लावू. तू हात दे, समोरचा मारेल, तू पड."

मी चप्पल काढली. "ए सोवा, त्याचं माणूसपण तिकीट लावून विकतोस होय रे?"

"ताई, तुमचा मोर्चा रस्त्यावर काढा. क्लोते, गर्दी जमली तर मगरशी पुन्हा लढत लावतो. खरी लढत. शब्द देतो."

त्या शब्दासाठी क्लोते गेला. किनाऱ्यावरच्या गावागावांत हात देत आणि पडत फिरला. पुढे-पुढे तर त्याने हात उचलायच्या आधीच लोक हसायला लागले. आणि मगरने परदेशातून कळवलं, मी विदूषकांशी लढत नाही. सोवा म्हणाला, थांब जरा, मानेल तो.

मी तेमा शहरातला खेळ पाहायला गेले होते. समोर ओब्लिते नावाचा तरणा पोरगा. मधेच त्याचा गुडघा वळला आणि तो किंचाळत कोसळला. ठरलेलं नव्हतं हे. क्लोतेने धावत जाऊन हात पुढे केला. ओब्लितेने तो झटकला.

"बस कर ना, म्हाताऱ्या! इथे खरंच मोडलंय!"

"मीपण खरंच देतोय रे. धर."

"लांब हो!"

पोरगा रडत, सरपटत दोरांपर्यंत गेला. क्लोते वाकलेला, हात तसाच पुढे. गर्दी हसून-हसून लोळत होती. सोवा दोरांपाशी आला, डोळे पुसत.

"वा! हेही ठेवू या खेळात."

पुढचा खेळ शनिवारी होता. क्लोते गेला.