दोन इंच खालची फरशी

दुकानात टाइल्स उभ्या मांडलेल्या असतात. अकोल्यातल्या त्या दुकानातही त्या भिंतीला टेकून, दिव्यांच्या झोतात, तसबिरींसारख्या उभ्या होत्या. निवड डोळ्यांनी करायची असते. माझ्याबरोबर आई होती, आणि काचबिंदूमुळे तिला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

घर तिचं. वडिलांच्या मागे ती तिथे एकटी राहते. मी अमरावतीला वर्तमानपत्रात नोकरी करतो, दर शनिवारी अकोल्याला येतो. आमच्यात एक गोष्ट ठरली होती. जोवर ती स्वतःच्या हाताने चहा करून घेईल, तोवर या घरात राहील. ते जमेनासं झालं, की तिने माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये यायचं. त्या फ्लॅटला ती पेटी म्हणते.

घरातल्या जुन्या शहाबादी फरशीचे सांधे उघडे पडले होते. आई ठेचकाळेल, अशी भीती मला होती, तिला नव्हती.

“मावशी, आरसा आहे आरसा,” एक चकचकीत टाइल दाखवत दुकानदार म्हणाला. “भांग पाडा यात.”

“डोये असते तं पाडला असता. आडवी कर थे. पाय ठेवून पाह्यतो.”

दुकानदार हसला, पण त्याने टाइल जमिनीवर ठेवली. आई चप्पल काढून तिच्यावर उभी राहिली. बराच वेळ उभी होती.

“थंड आहे,” ती म्हणाली. “पन काही सांगत नाही.”

मी याचा अर्थ होकार असा घेतला.

जुनी फरशी उखडली तर आठ दिवस धूळ आणि मलबा, असं मिस्त्रीने सांगितलं. त्यामुळे नवी तिच्यावरच बसवायचं ठरलं. घराची जमीन दोन इंच वर आली. दारं खालून तासावी लागली. खोल्यांमधले उंबरठे काढले. बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंत एकच फिकट रंग, सांधा हाताला लागत नाही इतका बारीक. काम चांगलं झालं, असं मी माझ्या तोंडाने म्हणालो.

पुढच्या शनिवारी दुपारी आई खोलीतून बाहेर आली, तेव्हा तिने दोन्ही मुठींनी लुगडं पोटऱ्यांपर्यंत उचलून धरलं होतं.

“नळ चालू राह्यला काय? पानीच पानी आहे.”

नळाला पाच दिवसांत पाणी आलं नव्हतं. फरशी कोरडी होती. खिडकीतला उजेड तिच्यावर पसरला होता, एवढंच. मी तसं सांगितलं. ती ‘हो’ म्हणाली आणि लुगडं सोडलं नाही. परत जाताना खोलीच्या दाराशी, जिथे आता उंबरठा नव्हता, तिथे तिने पाऊल उचलून पलीकडे टाकलं आणि तोल जाऊन भिंत धरली.

त्यानंतरच्या आठवड्यात ती म्हणाली, “मी चालतो तं खाली कोनी चालते. मी थांबलो का थेबी थांबते.”

मी तिला चालायला सांगितलं आणि ऐकलं. खोल्यांमधल्या बोळीत, तिच्या दारापासून पुढच्या काही टाइल्सवर, तिचं पाऊल पडलं की त्याखाली आणखी एक पाऊल पडत होतं. किंचित उशिरा, किंचित जड. बाकी घरात तसं नव्हतं.

चहा शेजारून येऊ लागला. तिसऱ्या शनिवारी मी पोचलो, तेव्हा ती पलंगावर बसली होती. शेजारी पिशवी भरलेली होती. दोन लुगडी, गोळ्या, डोळ्यांचे थेंब.

“चाल. ने मले पेटीत.”

“आई, अजून थोडे दिवस बघू.”

“काय पाह्यशीन? हे घर माह्या घराच्या जागी कोनं तरी आनून ठेवलं.”

ती दुपारची झोपल्यावर मी पायमोजे काढले आणि डोळे मिटून तिच्या पलंगापासून निघालो. सरळ बोळ, मग उजवीकडे स्वयंपाकघर. माझा जन्म याच घरातला. पायाखाली एकही सांधा लागला नाही. बोळीत खालची पावलं सुरू झाली. मी थांबलो, तीही थांबली. मग मी वळलो आणि ओट्यासाठी हात पुढे केला. हाताला लोखंड लागलं. ती बाहेरच्या दाराची कडी होती. मी डोळे उघडले, तेव्हा माझ्या तळव्यांना तळवे लावून कोणीतरी खाली डोकं करून उभं होतं. फरशीत दिसणारा तो मीच आहे, हे कळायला एक क्षण गेला.

सोमवारी मी रजा घेतली आणि मिस्त्रीला बोलावलं. पलंगापासून ओट्यापर्यंत दोन फूट रुंदीची पट्टी काढायला सांगितली.

“भाऊ, महिनाबी नाही झाला. लोकं हसतीन.”

“हसू द्या.”

त्याने बोळीत हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं. पोकळ वाजलं. पुढची टाइल, पुन्हा पोकळ. त्याने आधी माझ्याकडे, मग दारात खुर्चीवर बसलेल्या आईकडे पाहिलं.

“इथं टाचे मारायचे राह्यले होते,” तो हळू आवाजात म्हणाला. जुन्या फरशीला छिन्नीच्या मशीनने खाचा पाडतात, म्हणजे नवा सिमेंटचा मसाला तिला धरतो. “त्या दिवशी लाइट गेली होती, मशीन बंद. तसंच बसवून टाकलं.”

“म्हंजे खाली चालत होता थो तूच होता,” आई म्हणाली.

“चुकलं, माय.”

“चुकला म्हनून वाचली फरशी. काढ आता.”

बोळीतल्या टाइल्स अख्ख्या निघाल्या. खालच्या शहाबादीवर ओरखडाही नव्हता. स्वयंपाकघरात मात्र टाचे पडलेले होते. तिथे मसाला छिन्नीने खरवडावा लागला आणि दगड खडबडीत राहिला. काम संपल्यावर आई त्या चरात उतरली. सांधे तळव्याने चाचपत, भिंतीला हात न लावता ओट्यापर्यंत गेली.

“इथून पुढं तू टोचलं,” ती मिस्त्रीला म्हणाली. “समजते मले.” आणि चहाचं भांडं हातात घेतलं.

पिशवी मी रिकामी केली. ती अजून अकोल्यातच राहते. भर दुपारी येणाऱ्यांना चकाकत्या जमिनीच्या मधोमध, दोन इंच खाली, डोळे मिटलेली एक बाई ताठ चालताना दिसते. काठावरून कोणाचा पाय घसरला, तर ती न वळता म्हणते, “वरच राहा बाप्पा. खाली माही जागा आहे.” मग चहा आणून देते, आणि आम्ही तो वर उभं राहून पितो.