एतवारीची पोहोचपावती

माझ्या नवऱ्याला माझ्याबद्दल बहुतेक सगळं माहीत आहे. कितव्या पायरीला माझा गुडघा दुखायला लागतो, कुणाचा फोन आला की मी उचलत नाही, कुठली बातमी लागली की मी चॅनल बदलते — सगळं. हे मात्र त्याला माहीत नाही. बहिणीला नाही, ऑफिसात कुणाला नाही. सात वर्षं झाली. आज तुम्हाला सांगायला बसले आहे, तर पहिल्या ओळीपासूनच वळसे घालते आहे, बघा.

मी पुण्यात एका मदत केंद्रात काम करते. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर दोन खोल्या. परगावाहून, परराज्यांतून कामाला आलेली आणि इथे फसलेली माणसं आमच्याकडे येतात. कुणाची कागदपत्रं मालकाने काढून घेतलेली असतात, कुणाला मारलेलं असतं, कुणाला कोंडून ठेवलेलं असतं. खरं सांगायचं तर आम्ही स्वतः फारसं काही करत नाही. आम्ही त्यांना योग्य जागी सोपवतो — दवाखान्यात, पोलिसांकडे, वकिलाकडे, निवारागृहात. त्याला आमच्यात 'रेफरल' म्हणतात. शब्द भारदस्त आहे, पण काम एवढंच — एका हातातून दुसऱ्या हातात देताना माणूस मधल्या मध्ये पडू नये.

आणि माणसं मधल्या मध्येच पडतात. पत्त्याची चिठ्ठी हातात दिली की आपलं काम झालं असं आपल्याला वाटतं. माणूस काही पोहोचत नाही. म्हणून आम्ही — आम्ही कशाला, मीच — वरिष्ठांशी भांडून एक नियम करून घेतला. आपल्यापैकी कुणीतरी स्वतः सोबत जायचं. जिथे सोडलं तिथल्या माणसाची सही आणि शिक्का असलेली पोहोचपावती आणायची. ती फाईलला लागत नाही तोवर काम पूर्ण धरायचं नाही. या नियमाचं फार कौतुक झालं. दुसऱ्या शहरांतल्या केंद्रांनीही तो उचलला. त्या बैठकांमध्ये मला हार घातलेले फोटो आहेत.

आता पुढचं. लिहिताना हात थरथरतो आहे असं म्हणायला बरं वाटलं असतं — पण तो थरथरत नाही. तेव्हाही थरथरला नव्हता. मला धक्का त्याचाच बसतो.

शनिवारची दुपार होती. एक रिक्षावाला एका मुलीला घेऊन आला. "मॅडम, ही खराडीला बायपासवर अनवाणी उभी होती. काही बोलेना. म्हटलं, तुमच्याकडे आणावी." एवढं सांगून तो गेलाही.

तिचं नाव एतवारी. झारखंडातल्या एका खेड्यातली, वय एकोणीस-वीस. एका एजंट बाईने घरकामासाठी तिला पुण्यात आणून अकराव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये ठेवलं होतं. आठ महिने ती त्या दाराबाहेर पडली नव्हती. मोबाईल काढून घेतलेला, आधार कार्ड काढून घेतलेलं, डाव्या मनगटावर इस्त्रीचा चटका. त्या दिवशी सेफ्टी डोअरची कडी लावायची राहिली आणि ती निघाली. लिफ्ट चालवता येत नव्हती म्हणून अकरा मजले पायऱ्यांनी उतरली.

मी तिला पोहे दिले. केंद्राच्या फोनवरून गावी भावाशी बोलायला लावलं. बोलताना तिने माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं, ते मग सोडलंच नाही. निवारागृहात फोन केला. तिथल्या अधीक्षक शैलजाताई माझ्या वीस वर्षांच्या ओळखीच्या. म्हणाल्या, "आण गं वंदना, कॉट रिकामी आहे."

जायला-यायला दीड तास लागला असता. फक्त दीड तास.

त्या दिवशी कात्रजला भाचीचं केळवण होतं. म्हणजे कुणी आजारी नव्हतं, कुणी दारात वाट बघत रडत नव्हतं. केळवण. मी घड्याळाकडे बघत होते.

तेवढ्यात एक बाई आली. पंचेचाळीशीची, स्वच्छ सुती साडी, हातात एतवारीच्या कपड्यांची पिशवी. मी तिची गावाकडची मावशी, म्हणाली. सोसायटीच्या वॉचमनने हिला बायपासवर रिक्षात बसताना बघून नंबर टिपून ठेवला होता, त्यावरून शोधत आले. ती एतवारीच्या बोलीत काहीतरी बोलली, आणि माझ्याशी इतका वेळ बोलत असलेली ती मुलगी एकदम गप्प झाली. मान खाली. मी विचारलं, "मौसी है तुम्हारी?" तिने मान हलवली. की मान फक्त थरथरली? मी ती होकारार्थी धरली. मला ती होकारार्थी हवी होती.

ती बाई म्हणाली, "शेल्टर में ही छोड़ना है ना? मेरे रास्ते में है. आप क्यों तकलीफ करती हैं?"

एतवारी म्हणाली, "दीदी, आप भी चलो ना."

आणि मी म्हणाले, "तुम चलो, मैं पीछे से आ रही हूँ."

तिने माझी ओढणी सोडली. माझ्यावर विश्वास ठेवून सोडली.

मला माहीत नव्हतं का? तुम्ही विचाराल, मीही स्वतःला कितीदा विचारलं आहे. आठ महिने कोंडलेली मुलगी मावशीला बघून असा श्वास रोखते का? त्या बाईचं ओळखपत्र मी का मागितलं नाही? आठ महिने ही मावशी कुठे होती, हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात कसा आला नाही? तर — आला होता. सगळं आलं होतं. वीस वर्षं मी हेच काम करत होते. मला माहीत होतं, आणि मी पर्स उचलली.

केळवणाला अळूची भाजी होती. मी दोनदा वाढून घेतली.

सोमवारी निवारागृहात फोन केला. शैलजाताई म्हणाल्या, "अगं, कोण मुलगी? तू आणणार होतीस ना? आलीच नाहीस. मला वाटलं, बेत बदलला."

मी फोन ठेवला. दोनच दिवस झाले होते. त्या मिनिटाला पोलिसांना कळवता आलं असतं. रिक्षा, वॉचमन, फ्लॅटचा पत्ता — सगळे धागे हातात होते. पण कळवायचं म्हणजे आधी सांगायचं, की नियम जिने केला तिनेच तो मोडला. मी खुर्चीत बसून हे सगळं एकदा नीट मनाशी बोलले. आणि टेबलाचा खण उघडला.

त्या खणात कोऱ्या पोहोचपावत्या होत्या. शैलजाताईंनीच सह्या करून, शिक्के मारून दिलेल्या. त्या कधी बाहेर असल्या तर माझा खोळंबा होऊ नये म्हणून. असं करायचं नसतं. पण वीस वर्षांची ओळख. त्यातली एक मी काढली. नाव, वय, वार शनिवार, वेळ साडेचार, 'सोबत येऊन सोडले.' स्वच्छ, सुवाच्य अक्षरात. फाईलला लावली.

दोन महिन्यांनी एतवारीचा भाऊ आला. शनिवारच्या त्या फोननंतर तिचा आवाज त्याला ऐकू आला नव्हता. रेल्वेच्या साध्या डब्यातून उभ्याने आला होता, पाय सुजले होते. मी त्याला पावती दाखवली. आम्ही तिला सुखरूप पोहोचवलं, तिथून ती गेली असेल, असं सांगितलं. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने तो कागद कपाळाला लावला. मग वाकून माझ्या पाया पडला. "आपने तो बहुत किया, मैडम."

मी पाय मागे घेतले नाहीत. का नाही घेतले? मला आठवतं, मी मनात म्हणत होते, हा आता निवारागृहाविरुद्ध तक्रार करेल.

त्याने केली. चौकशी बसली. एका लांब टेबलाच्या त्या बाजूला शैलजाताई, या बाजूला मी. त्या म्हणाल्या, "मी कोऱ्या पावत्यांवर सह्या दिल्या होत्या, ही माझी चूक. मी ती मान्य करते. पण मुलगी आली नाही. वंदना, सांग ना यांना."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "मी स्वतः सोडलं. साडेचारला."

त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्यांचं तोंड थोडंसं उघडं राहिलं. आयुष्यात मी कुणाचा चेहरा इतका चकित झालेला पाहिलेला नाही. पंधरा दिवसांनी त्यांना कामावरून काढलं. आता धायरीला भावाकडे राहतात, असं ऐकते.

एतवारी सापडली. ते माझ्यामुळे नाही. दीड वर्षाने हैदराबादेत एका बंगल्यातून तिथल्या कार्यकर्त्यांनी तिला सोडवलं. डाव्या कानाने तिला आता ऐकू येत नाही. का, ते जबाबात लिहिलं होतं, ते मी इथे लिहिणार नाही. तो जबाब तिथल्या केंद्राने आमच्याकडे पाठवला — नियमाप्रमाणे, आणि तो माझ्याच टेबलावर आला.

मला वाटलं होतं, त्यात माझं नाव असेल. पुण्याच्या दीदीने मला त्या बाईच्या हवाली केलं, असं असेल. मी दार लावून घेतलं आणि वाचायला लागले.

तिने सांगितलं होतं, की त्या बाईने तिला निवारागृहात नेलंच नाही, रिक्षा थेट बस स्टँडकडे वळवली. आणि मग तिचे शब्द होते — दीदी मागून येत होत्या. त्या कधीच खोटं बोलल्या नसत्या. त्यांना रस्त्यात काहीतरी झालं असणार. सोबतच्या पत्रात तिथल्या बाईंनी लिहिलं होतं: मुलगी सारखी विचारते आहे, त्या दीदी नीट आहेत का. कृपया कळवावे.

दीड वर्ष मार खाताना ती माझी काळजी करत होती.

मी उत्तर टाईप केलं: 'संबंधित कर्मचारी सुखरूप आहेत.' खाली सही केली.

तो एक जबाब शैलजाताईंना निर्दोष ठरवायला पुरेसा होता. मी तो फाईलला लावला, आणि फाईल कपाटात ठेवली.

रडले का? नाही. पळून गेले का? नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेले. मला अजून कळत नाही, की एवढं करून माणूस रोजचा डबा कसा भरतो. पण भरतो. मी भरला.

गेल्या महिन्यात नव्या मुलींचं प्रशिक्षण होतं. वेगवेगळ्या जिल्ह्यांतून वीस-पंचवीस जणी आल्या होत्या, आणि शिकवायला अर्थातच मी. सोबत का जायचं, पावती का आणायची, एकटं का सोडायचं नाही. मागच्या रांगेतली एक चष्मेवाली मुलगी उठली. तिला काही खोचक विचारायचं नव्हतं. तिला मनापासून भीती वाटत होती, ते दिसत होतं.

"मॅडम, तुमच्या हातून कधी कुणी हरवलंय का?"

मी तिच्याकडे बघितलं. एक क्षणही लागला नाही.

"नाही," मी म्हणाले.

ती खाली बसली आणि वहीत लिहून घेऊ लागली.