कुंदाताईंचं जड झालेलं स्टेअरिंग

कुंदाताई आगाशे सत्तरीच्या झाल्या आणि पार्ल्यातल्या त्यांच्या सोसायटीत ज्याला त्याला डॉक्टर व्हायची घाई झाली. त्यांची जुनी निळी गाडी गेटच्या खांबाला घासली, की निदान तयार: हातांत जोर राहिला नाही. स्टेअरिंग जड लागतंय म्हणाल्या, तर सेक्रेटरी श्यामसुंदर तोंड बारीक करून म्हणाले, "वय होतं हो ताई. मान्य करायचं." बाई, त्यातून म्हातारी, बिघाड गाडीत असेल अशी शंका कुणाला येईल तर शपथ.

सगळ्यांत पुढे त्यांचा मुलगा मुकुल. "आई, पुरे झालं आता. टॅक्सी बुक करून देतो ना मी." पण कुंदाताईंना दर गुरुवारी चेंबूरला जायचं असे. थोरल्या बहिणीला, रत्नप्रभाला, अर्धांगवायू झालेला. तिला धरून धरून पुढच्या सीटवर बसवायचं आणि व्यायामाला न्यायचं. कुठला टॅक्सीवाला एवढा वेळ थांबतो? गाडी चालवणं सुटलं तर रत्नाचं घराबाहेर पडणंच सुटलं असतं.

कुंदाताईंची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात फॉल्ट शोधण्यात गेली होती. लोक 'फोन मेला' म्हणून ओरडायचे आणि त्या लाइन तुकड्यातुकड्याने तपासत एखाद्या कुजलेल्या जोडापाशी पोचायच्या. म्हातारपणाचा फॉल्टही असाच तपासू, म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं. स्टेअरिंग हलकं वळावं म्हणून असणाऱ्या तेलाची डबी जवळजवळ रिकामी होती, आणि गाडीखाली जमिनीवर ओला डाग.

"गळतंय हे," त्या म्हणाल्या.

"वरून एसीचं पाणी पडतं ते," श्यामसुंदरनी ठणकावलं. बघितलंही नाही वाकून.

कुंदाताईंनी डबी भरली, खालचे पाइप पुसून कोरडे केले आणि गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. पाणी असतं तर दुपारपर्यंत वाळलं असतं. संध्याकाळी कागदावर भजी ठेवल्यासारखा तेलकट डाग होता. मग सुनेला, ऋताला, आत बसवून इंजिन चालू करायला लावलं. ऋताने स्टेअरिंग पार टोकापर्यंत वळवलं आणि टॉर्चच्या उजेडात पंपाकडून येणाऱ्या जाड रबरी पाइपच्या लोखंडी टोकाशी जमलेला थेंब कुंदाताईंना दिसला. सापडला फॉल्ट. तो कुंदाताईंच्या मनगटात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेल भरून त्यांनी गाडी हळूहळू वाकोल्याला नेली. मेकॅनिक बाळा नेहमीचा. त्याने खाली डोकावून बघितलं आणि हात पुसत सहज म्हणाला, "हाच पाइप, ताई. मागच्या सर्व्हिसिंगला मुकुलदादांना दाखवलेला ना. म्हणाले, राहू दे. आईला जड गेली की ती आपणच सोडेल."

कुंदाताई स्टुलावर बसल्या. कानशिलं तापली. रडू नाही आलं, संताप आला. हातांत ताकद यावी म्हणून मुकुलनेच रबरी चेंडू आणून दिला होता, आणि रोज सकाळी तो दाबताना, आपलं आता खरंच संपत आलं असं त्या निमूटपणे मानू लागल्या होत्या. स्वतःच्या पोराने त्यांना त्यांच्याच हातांविषयी खोटं पटवलं होतं.

पाइप बदलून त्या घरी आल्या तेव्हा मुकुल चहा पीत होता. बाळाचा फोन त्याला आधीच गेला असावा.

"तुझ्या काळजीपोटी केलं गं, आई."

"परवा सिग्नलला गाडी वळेना, समोरून ट्रक येत होता. शेजारी रत्ना बसलेली. ही काळजी?"

"इतकं होईल असं वाटलं नव्हतं."

"ब्रेकचं तेल गळत असतं, तर सांगितलं असतंस?"

"म्हणजे काय," मुकुल दुखावून म्हणाला. "तेवढं कळतं मला."

"तुला कळतं रे," कुंदाताई म्हणाल्या. "तू काय सांगतोस आणि काय लपवतोस, हे मला कसं कळायचं?"

मुकुलने कप खाली ठेवला.