झाकण नसलेला डबा

“ती काय बोलणार, तिला नुसतं बघता येतं,” मी चहा घेऊन मागच्या अंगणात आले तेव्हा काका हसत पप्पांना माझ्याबद्दल सांगत होते. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. अंबडमधली पप्पांची कंपनी बंद पडल्यापासून आमच्या घरात कुणालाच फारसं काही वाटत नव्हतं.

पप्पा दिवसभर गप्प असायचे, घरातही कंपनीचा टेरिकॉटचा शर्ट घालून. मग त्यांनी जुन्या कानशीची एक सुरी घडवली. आता ती अंगणात पेटवलेल्या भट्टीत लालभडक तापवून तेलात बुडवायची होती, म्हणजे पोलाद कडक होतं. तेलासाठी काकांनी गोडेतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आणला होता, वरचा पत्रा पूर्ण कापून काढलेला.

“यात तुळस जगते दादा, तुझी सुरी काय मरते!” काका म्हणाले.

आमच्याकडे सगळ्यालाच तसला डबा चालतो. पण तापलेली सुरी शिरताना तेल पेट घेतं, हे मी व्हिडिओंत पाहिलं होतं. झाकण लावलं की ते विझतं. ट्रे धरून मी उभीच राहिले. पप्पांनी पकडीने सुरी भट्टीतून उचलली आणि डब्यावर वाकले. शर्टाची बाही तेलाच्या अगदी वर आली.

“पप्पा, थांबा,” मी म्हणाले. “हे पेटलं तर झाकायचं कशानं? शेवेचा उंच स्टीलचा डबा आहे, घट्ट झाकणाचा. तो रिकामा करून आणते.”