कूलरखालचं प्लास्टिक

उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी तीन वर्षं चेकिंगला होते. घरोघरी कॉम्प्युटर येऊ लागले होते, तो काळ. आमचं दुकान तयार गेमिंग कॉम्प्युटर विकायचं. सुटे भाग आणायचे, मागच्या खोलीत जोडायचे, निळे दिवे लावायचे आणि खोक्यात भरायचे. फिटरने जोडलेल्या प्रत्येक मशीनवर मी अर्धा तास गेम चालवून बघायचा, असा नियम होता. मशीन टिकलं की झाकणाच्या फटीवर 'तपासून पास'चा स्टिकर लावायचा आणि त्यावर सही करायची. स्टिकर फाटला तर गॅरंटी गेली. म्हणजे गिऱ्हाइकाने आत डोकावायचं नाही, माझ्या सहीवर विश्वास ठेवायचा.

दुकानाचा आणखी एक नियम होता, न लिहिलेला. कशावरचंही प्लास्टिक काढायचं नाही. आपल्याकडे नव्या वस्तूवरचं प्लास्टिक हा तिच्या नवेपणाचा पुरावाच असतो. आमच्या घरच्या टीव्हीच्या रिमोटवरची पिशवी रिमोट बिघडला तेव्हाच निघाली. "प्लास्टिक निकाला तो कस्टमर बोलेगा, पुराना माल दिया," शेठ बजावायचे. त्यामुळे मॉनिटरच्या कडा, बटणं, चकचकीत झाकणं, सगळीकडची फिल्म तशीच राहायची.

दिवाळीआधी मागणी वाढली. शेठनी मला सकाळीच स्टिकरच्या अख्ख्या तावावर सह्या करून ठेवायला सांगितल्या. "आप साइन करके रखो. टाइम मिला तो चेक करो." टाइम कसला मिळतोय! मशीन चालू झालं, पडद्यावर चित्र आलं, की खोकं बंद. मी पाट्या टाकत होते आणि मला ते चांगलं कळत होतं, हे आधीच सांगून टाकते.

माझे बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासनीस होते, तेव्हा नुकतेच रिटायर झालेले. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी नातीसाठी आमच्याच दुकानातून कॉम्प्युटर घेतला होता. दिवाळी झाल्यावर ते तो रिक्षात घालून आमच्या घरी घेऊन आले.

"जयभीम," ते बाबांना म्हणाले. "अरे, हा गेम लावला की पंधरा मिनिटांत बंद पडतोय. एरवी झकास चालतो." मग माझ्याकडे वळले. "तुझी सही बघूनच घेतला गं. म्हटलं, ह्याची पोरगी आहे, मग काळजी नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी जमिनीवर पेपर अंथरला, मी झाकण उघडलं. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर उचलला तर त्याच्या बुडाला पारदर्शक फिल्म. तांब्याच्या ज्या बुडातून प्रोसेसरची उष्णता बाहेर जायची, त्यालाच प्लास्टिक. बसवण्याआधी काढा, असं त्यावर इंग्रजीत छापलेलंसुद्धा होतं. फिटर नवा होता, त्याने बिचाऱ्याने दुकानाचा नियम इमानाने पाळला होता. मी नियमाप्रमाणे गेम चालवला असता, तर मशीन माझ्यासमोरच बंद पडलं असतं.

फिल्म काढली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली, काका चहा पिऊन खुशीत गेले. आता बाबा ओरडतील आणि विषय संपेल, असं मला वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "किती वेळ चालवला होतास?"

"नव्हता चालवला."

"बाकीचे किती?"

मला प्रश्नच कळला नाही. "त्याच फिटरने जोडलेले," ते म्हणाले. "एकात निघालं म्हणजे सगळ्या लॉटवर संशय. बाकीचे कुठे गेलेत?" मी एका मशीनची लाज घेऊन बसले होते. बाबांनी आयुष्यभर लॉटचाच विचार केला होता.

शेठनी कानावर हात ठेवले. "कंप्लेंट आयी क्या? नहीं ना? फिर?" पण गॅरंटी कार्डं माझ्याच ताब्यात असायची. त्यातून त्या फिटरच्या मशीनचे नऊ पत्ते निघाले. पुढचे काही रविवार आम्ही बापलेक हिंडलो. पिशवीत स्क्रूड्रायव्हर, पेस्टची ट्यूब आणि कोरे स्टिकर. दारात मी हसून सांगायचे, "दुकानाकडून फ्री सर्व्हिस आहे." लोक खूश. चार मशीनमध्ये फिल्म निघाली. ती मी मुठीत चुरगाळून पर्समध्ये टाकायचे. बाबा बाजूला बसून बघायचे. माझ्या थापांवर त्यांनी चकार शब्द काढला नाही. मला त्यांचा रागच यायचा. त्यांच्या नजरेतून मी किती उतरलेय, ते एकदाचं बोलून तरी टाकावं ना माणसाने.

शेवटचं घर बदलापूरला, नव्या बिल्डिंगमध्ये. मुलं क्लासला गेली होती, आई एकटीच घरी होती. तिने हौसेने चहा टाकला. मी स्क्रूड्रायव्हर काढल्यावर मात्र तिने मशीनवर हात ठेवला.

"उघडायचं नाही हां ताई. स्टिकर फाटला की गॅरंटी जाते, दुकानात बजावून सांगितलंय."

"मी दुकानातलीच आहे. ही सही माझीच आहे."

"मग झालं तर! तुम्ही बघूनच केली असेल ना?"

बाबा खिडकीबाहेर बघत होते. हो म्हणून उठून जाणं सोपं होतं. आतलं मशीन चांगलंही असेल.

"नाही," मी म्हणाले. "न बघता केलीय. त्या दिवसांत सगळ्यांवर तशीच केली होती."

ती आत जाऊन गॅस बंद करून आली. आता ही आपल्याला बाहेर काढणार, असं वाटलं. तिने नख लावून स्टिकर स्वतःच फाडला. "बघा."

कूलरखाली काही नव्हतं. मी पेस्ट लावून सगळं पुन्हा बसवलं. "तुमचं मशीन चांगलं आहे," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि बाबांकडे वळली. "काका, तुम्ही सांगा. खरंच चांगलं आहे?"

मला ते लागलं. तिचं काहीच चुकत नव्हतं, म्हणून जास्तच लागलं.

"मला त्यातलं कळत नाही," बाबा म्हणाले. "पण ती आत्ता तुमच्याशी खरं बोललीय. तिलाच विचारा."

तिने पुन्हा मला विचारलं. मी लगेच हो म्हटलं नाही. अर्धा तास थांबा, म्हटलं, आणि मशीन चालू करून गेम लावला.